काळ्या काचेची वकिली

गॉगल कसा निवडावा, यावर एका स्वयंघोषित जाणकारांनी दिलेले धडे असे: चेहरा गोल असेल तर फ्रेम चौकोनी घ्या, काच जितकी काळी तितका डोळा सुरक्षित, आणि खर्च खुपत असेल तर नादच सोडा, कारण नाशिकची हवा मुळात थंड आणि आपल्या आजोबांचे गॉगलवाचून काही अडले नाही. आजोबांचे काय अडले, ते मोतीबिंदूच्या शिबिरांतल्या रांगांना विचारावे. वय हे त्याचे मुख्य कारण असले तरी उन्हाचाही त्याला हातभार लागतो. चौकोनी फ्रेमचा निर्णय आरसा फुकटात देतो, त्याला जाणकार लागत नाही.

काळ्या काचेचे मात्र इतक्यात भागणार नाही, कारण हा गैरसमज दुकानोदुकानी विकला जातो. काच काळी असली की डोळ्याला दिसणारा उजेड कमी होतो, एवढेच. अपाय करणारे अतिनील किरण दिसतच नाहीत. ते अडतात काचेच्या द्रव्यामुळे किंवा तिच्यावरच्या लेपामुळे. पॉलिकार्बोनेटची पारदर्शक, बिनरंगी काचसुद्धा त्यांतले बहुतेक अडवते. उलट नुसत्या रंगाची काळी काच घातली की अंधार समजून बाहुली मोठी होते, आणि किरण अडवलेले नसतील तर त्यांना दार अधिकच उघडे मिळते. ‘विक्रेत्याने निळी बॅटरी काचेतून नोटेवर मारून दाखवली, नोट चमकली नाही,’ असा दाखला यावर हमखास येतो. पण त्या बॅटरीचा झोत अतिनील पट्ट्यातल्या एखाद्या चिंचोळ्या भागाचाच असतो. काच ४०० नॅनोमीटरपर्यंतचे सगळे किरण अडवते की नाही, हे त्यावरून कळत नाही. शिवाय फार काळी, म्हणजे चौथ्या श्रेणीची काच जेमतेम ३ ते ८ टक्के उजेड आत सोडते आणि गाडी चालवताना ती वापरू नये असे मानक सांगते. ती लावून इगतपुरीजवळच्या समृद्धी महामार्गाच्या आठेक किलोमीटरच्या बोगद्यात शिरणाऱ्याला सुरक्षिततेचा अर्थ पहिल्याच क्षणी कळेल.

राहिली थंड हवा. पारा आणि अतिनील किरण यांचा हिशेब वेगळा असतो. नाशिक २० अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे वर्षातून दोनदा सूर्य थेट डोक्यावर: एकदा मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास, दुसऱ्यांदा जुलैच्या उत्तरार्धात, ढगांआड. पातळ ढग हे किरण फारसे रोखत नाहीत. गॉगल ही कॉलेज रोडची चैन मानणाऱ्यांनी निफाड-दिंडोरीकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी पाहावी: पाने उतरलेली, वर मांडवाच्या तारा आणि उघडे आभाळ, आणि कात्री चालवणाऱ्याची मान दिवसभर वरच. त्याला चेहऱ्याचा आकार कुणी विचारत नाही. गॉगल नको म्हणणाऱ्यांसारख्याच सबबी हेल्मेटच्या वेळीही ऐकल्या होत्या. २०२१ मध्ये शहरात ‘नो हेल्मेट, नो पेट्रोल’ आले तेव्हा डोके तापते, केस गळतात, जवळच तर जायचे आहे, अशी कारणे निघाली. डोक्यानंतर आता डोळ्यांची पाळी.

मग घ्यावा कोणता? ‘यूव्ही ४००’ असे लिहिलेला, पण नुसत्या चिकटपट्टीवर विश्वास न ठेवता काच अतिनील किरण मोजणाऱ्या मीटरवर तपासून. रोजच्या वापराला दुसऱ्या किंवा तिसऱ्या श्रेणीची काच, करडी वा तपकिरी, म्हणजे सिग्नलचे रंग बिघडत नाहीत. फ्रेम भुवयांपर्यंत पोचणारी आणि कडांनी वळलेली, कारण ऊन बाजूनेही शिरते. चष्मा असेल तर गॉगलही नंबरचाच. पाण्यावरची आणि डांबरावरची चकाकी सोसवत नसेल तर पोलराइज्ड, पण त्यातून मोबाइलचा पडदा कधी काळा दिसतो, हे ध्यानात ठेवून. किंमत हा पुरावा नव्हे. महागडी काचही मीटरवर नापास होऊ शकते आणि स्वस्तातली पास. दुकानात मीटर नसेल तर दुसरे दुकान गाठावे.