मळीच्या पाण्याचा राहिलेला हिशेब

परतूरच्या परिसरात ऊस आणि पाणी या दोन विषयांवाचून कोणतीही बैठक पुरी होत नाही. आमच्या तालुक्यातून वाहणारी दुधना पुढे सेलू तालुक्यात ब्रह्मवाकडीजवळ निम्न दुधना धरणात अडते. वरच्याने नदीत सोडावे आणि ते खालच्याच्या घागरीत यावे, हा न्याय येथे कोणास शिकवावा लागत नाही. म्हणूनच इथेनॉलचा सर्वत्र जयजयकार चालू असता त्याच्या मागे उरणाऱ्या सांडपाण्याविषयी दोन शब्द लिहिणे अगत्याचे वाटते.

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट मुळात २०३० सालचे होते. ते अलीकडे ओढून २०२५ मध्ये गाठण्यात आले. परंतु मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढले की साधारणतः ८ ते १५ लिटर गडद तपकिरी सांडपाणी मागे उरते. त्यातील सेंद्रिय द्रव्य दोन जातींचे असते. एक सूक्ष्मजंतूंना पचणारे. बंद टाकीत हवेवाचून जगणारे जंतू ते खाऊन मिथेन वायू देतात, तो बॉयलरखाली जळतो व इंधनाचा खर्च वाचतो. दुसरे द्रव्य चिवट. उष्णतेने साखरेचा अमिनो आम्लांशी संयोग होऊन मेलॅनॉयडिन नावाची संयुगे बनतात. पाण्याचा काळपट रंग मुख्यतः त्यांचा. ती जंतूंना सहसा पचत नाहीत.

या चिवट भागासाठी विद्युत्-रासायनिक उपाय शास्त्रज्ञांनी शोधले आहेत. लोखंडाच्या वा अॅल्युमिनियमच्या पट्ट्या पाण्यात बुडवून एकदिश विजेचा प्रवाह सोडला की पट्टीचा धातू विरघळतो व रंगद्रव्यास घेऊन साक्याच्या रूपाने वेगळा होतो. दुसऱ्या पद्धतीत धनाग्रावर तीव्र ऑक्सिडीकारक द्रव्ये निर्माण होऊन मोठे रेणू तुटतात आणि त्यांचे तुकडे मग जंतूंना पचू शकतात. कुजक्या लाकडावर वाढणाऱ्या काही बुरशाही हा रंग फिका करतात. आधी जंतू, मग वीज आणि पुन्हा जंतू, अशी सांगड घातल्यास पुष्कळ साधते. अर्थात यात जादू नाही. वीज लागते, पट्ट्या झिजतात, साक्याची विल्हेवाट लावावी लागते.

आणि खरी मेख येथेच आहे. शुद्धीकरणाचा पहिला टप्पा वायू देतो, म्हणजे मिळकत देतो. दुसरा टप्पा केवळ खर्च मागतो. नफ्याच्या हिशेबात पहिला आपोआप होतो व दुसरा राहून जातो. उद्योगाने आपल्या खर्चाचा एक भाग समाजाच्या माथी मारावा आणि उरलेल्यास नफा म्हणावे, ही किमया कार्ल विल्यम कॅप या अर्थशास्त्रज्ञाने १९५० सालीच उघड केली होती. विहिरीचे पाणी तांबडे झालेल्या शेतकऱ्याकडून कोणी पावती फाडून पैसे घेत नाही, एवढेच. खर्च मात्र तोच भरतो.

यावर उत्तर मिळते की, नियम आधीच कडक आहेत. खरे आहे. २००३ च्या सनदेने आसवन्यांना २००५ अखेर सर्व सांडपाणी उपयोगात आणण्याचे बंधन घातले. पाणी आटवून जाळावे, प्रेसमडमध्ये मिसळून खत करावे, असे मार्गही आहेत. जाळल्यावर उरणाऱ्या राखेतील पोटॅशला २०२१ पासून खत-अनुदानाच्या योजनेत स्थान मिळाले. २०१८ च्या व्याजसवलत योजनेत अशा यंत्रणेसाठी कर्जाची सोय होती. परंतु यंत्र विकत घेणे निराळे आणि ते रोज, रात्रीही, चालविणे निराळे. व्याजसवलत यंत्रावर मिळते. चालविण्याच्या खर्चावर नव्हे. साठवण तलाव पाझरला किंवा खताच्या ढिगावर पाऊस पडला की चिवट द्रव्य ओढ्याची वाट धरते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. शुद्धीकरण यंत्रणेस स्वतंत्र वीजमीटर असावा आणि रोज किती लिटर अल्कोहोल काढले व या मीटरवर किती युनिटे पडली, हे दोन आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत. रसायनशास्त्र न शिकलेल्या माणसासही ते वाचता येतील. उत्पादन वाढले आणि युनिटे घटली, तर ग्रामसभेने जाब विचारावा. वीज कोठून आणावी, हा प्रश्न तर मुळीच उद्भवत नाही. चोथा जाळून सहवीजनिर्मिती करणारे कारखाने उरलेली वीज विकतातच. विक्रीपूर्वी त्यातील पहिला वाटा पाण्याचा असला पाहिजे आणि तो खर्च इथेनॉलच्या दरात धरला गेला पाहिजे.

प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे अध्यक्षपद धनंजयराव गाडगिळांसारख्या अर्थशास्त्रज्ञाने भूषविले. ऊस पिकविणाराच कारखान्याचा मालक असावा, ही त्या प्रयोगामागील दृष्टी होती. मालकीचे हे नाते आज अनेक ठिकाणी तुटले आहे. परंतु पाण्याची मालकी कोणत्याही लिलावात गेलेली नाही. तिचा हिशेब मागण्याचा अधिकार खालच्या गावास आहे, आणि तो त्याने बजावलाच पाहिजे.