हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर: आधी गणित, मग खरेदी

हेडफोनसाठी स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा का, हा प्रश्न श्रद्धेचा नाही. बारावीच्या भौतिकशास्त्राचा आहे. तरीही विज्ञानाचे विद्यार्थीच त्याचे उत्तर यूट्यूबवरील विशेषणांत शोधतात, याचा खेद वाटतो. ‘आवाज खुलतो’, ‘वाद्ये सुटी होतात’, ‘पडदा दूर होतो’. यांतल्या एकाही विधानाला एकक नाही. आणि महिना ३७,००० रुपयांच्या जेआरएफमधून (ती वेळेवर जमा झालीच तर) दहा-पंधरा हजार या विशेषणांवर उडतात.

तीन राशी पुरतात: हेडफोनची संवेदनशीलता, त्याचा इम्पीडन्स आणि फोन किंवा डाँगल देऊ शकेल तो व्होल्टेज. मिलिवॉटला १०५ डेसिबल देणारा, १६ ओहमचा साधा इअरफोन घ्या. अर्धा व्होल्ट दिला की त्याला सुमारे १६ मिलिवॉट मिळतात आणि पातळी ११७ डेसिबलपर्यंत जाते. आठवड्याला ४० तास ऐकायचे तर ८० डेसिबलची मर्यादा पाळा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मग उणीव नेमकी कशाची आहे? उलट, अशा संवेदनशील इअरफोनला दांडगा अ‍ॅम्प्लिफायर जोडला की त्याची स्वतःची खरखर ऐकू येऊ लागते. ब्लूटूथवाल्यांनी तर हा विचारच सोडावा. त्यांचा अ‍ॅम्प्लिफायर हेडफोनच्या पोटातच असतो.

गरज खरी असते, तीही आकड्यांतच दिसते. सेनहायझर एचडी ६०० हा ३०० ओहमचा हेडफोन एका व्होल्टला ९७ डेसिबल देतो. चित्रपटगीतांना तेवढे पुरते, कारण त्यांतील चढउतार मुद्रणातच दाबलेले असतात. पण विलंबित ख्यालातील हलका षड्ज आणि तारसप्तकातील तान यांच्यातले अंतर जपणारे मुद्रण ऐकायचे, तर आणखी बारा डेसिबल, म्हणजे चार व्होल्ट, हाताशी असावेत. हायफायमन एचई-६ ला मिलिवॉटमागे जेमतेम ८३.५ डेसिबल निघतात. ११० गाठायला त्याला सुमारे ४५० मिलिवॉट लागतात. तेथे अ‍ॅम्प्लिफायरला माझा विरोध नाही.

‘मला फरक ऐकू येतो’ म्हणणारे सारे खोटे बोलत नाहीत. काही उपकरणांचा आउटपुट इम्पीडन्स मोठा असतो. अनेक ड्रायव्हरच्या इअरफोनचा इम्पीडन्स वारंवारतेनुसार बदलतो, त्यामुळे व्होल्टेजची विभागणी बदलते आणि ध्वनीचा तोलही ढळतो. मात्र हा दोष एक-दोन ओहमच्या साध्या डाँगलनेही जातो. आणि हाच आकडा पुष्कळ उत्पादक खोक्यावर छापत नाहीत! माझा खरा राग त्यावर आहे.

शाईमुळे तबला-मृदंगातून मूळ स्वराच्या पूर्णांक पटीतील कंपने निघतात, हे रामन यांनी १९२० साली दाखवले. त्यांच्या देशात आपण प्रयोगाला का लाजावे? मल्टिमीटर प्रत्येक महाविद्यालयात आहे. दोन्ही उपकरणांचा व्होल्टेज एका टक्क्याच्या आत जुळवा, कारण किंचित मोठा आवाज कानाला ‘मोठा’ न वाटता ‘चांगला’ वाटतो. मग मित्राला पडद्याआडून नाणे टाकून जोडणी बदलू द्या. वीसपैकी पंधरा वेळा अचूक ओळखलेत, तर निव्वळ नशिबाने तेवढे जमण्याची शक्यता सुमारे २ टक्केच असते. तेवढे जमले की खुशाल पैसे मोजा.