आजीची आठवण आणि आत्याची सही

आमच्या धर्मग्रामात एखादी आजी देवाघरी गेली की तिच्याविषयी बोलावयास माणसे कमी पडत नाहीत. ख्रिस्तप्रसादानंतर एक नातू उठतो, खिशातून कागद काढतो आणि वाचू लागतो: आजी म्हणजे वटवृक्ष, आजी म्हणजे घराचा कणा, आजीने सर्वांना एका सूत्रात बांधून ठेवले. मग वर्तमानपत्रात छायाचित्र येते, वाडीच्या नाक्यावर फलक लागतो, कबरीवर काळा ग्रॅनाइट बसतो. हे सारे प्रेमापोटी होते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु त्याच घरात महिन्याची मिस्सा आटोपली, जेवणाच्या पंगती उठल्या की दुसरा एक कागद बाहेर येतो, आणि त्याविषयी देवळात कोणीच बोलत नाही. तो कागद म्हणजे लेकींचे हक्कसोडपत्र.

दुसऱ्यांच्या घरांकडे बोट दाखविण्यापूर्वी आम्ही आमच्याच घरातले सांगतो.

आमची आजी २००१ साली वारली, एक्क्याण्णव वर्षांची होऊन. पाच मुलगे, चार मुली, नातवंडे-पतवंडे मिळून साठावर माणसे. पहाटे चारला तिचा दिवस सुरू होई. रहाटाचे पाणी, केळीचे वाफे, पानवेलीची राखण. आणि आठवड्यातून तीनदा डोक्यावर पाटी घेऊन वसई स्थानक व तेथून दादरचा बाजार. राजेळीची सुकेळी करताना मांडवाखाली ती अशी उभी राही की कावळ्याचीसुद्धा खाली उतरण्याची छाती होत नसे. (आम्हा नातवंडांची होत असे, आणि तिला ते ठाऊक असे.) संध्याकाळी जपमाळेला ती माणसे मोजी, एक जरी कमी असले तरी पहिले रहस्य सुरू होत नसे. तिच्या चारही मुली लग्नापर्यंत त्याच वाडीत राबल्या. थोरली तर शाळा सोडून राबली, कारण धाकटे भाऊ लहान होते.

१ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर कूळकायद्याने त्या वाडीचा मोठा तुकडा आमच्या घराच्या मालकीचा झाला. कसणारे दोघे होते. उताऱ्यावर नाव एकट्या आजोबांचे लागले. १९७४ मध्ये आजोबा गेले, तेव्हा फेरफारात पाच मुलांची नावे चढली. आजीचे नाव नाही, मुलींचे नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. भारतीय वारसा कायदा १९२५ चा आहे आणि तो आम्हा ख्रिस्ती लोकांना लागू आहे. मृत्युपत्र न करता नवरा वारला तर एक तृतीयांश विधवेचे. उरलेले दोन तृतीयांश मुलामुलींत सारखे. मुलगा आणि मुलगी यांत हा कायदा भेद करीत नाही. पुढे ती विधवाही मृत्युपत्राविना वारली तर तिचा तृतीयांशही मुलामुलींत सारखाच वाटला जातो. आमच्या घरचा हिशेब सोपा होता: नऊ मुले, प्रत्येकाला नववा हिस्सा. प्रत्यक्षात पाच भावांना पाचवा मिळाला. आमच्या वडिलांच्या हिश्शात, म्हणजे आमच्या शिक्षणात आणि दीक्षाविधीच्या मांडवातही, आत्यांचा वाटा मिसळलेला आहे. हे लिहिताना आम्हांला बरे वाटत नाही.

केरळात त्रावणकोरच्या ख्रिस्ती मुलींना १९१६ च्या जुन्या कायद्याने भावाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा पाच हजार रुपये, यांतील जे कमी असेल ते मिळे. मेरी रॉय या बाई त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या आणि १९८६ मध्ये जिंकल्या. त्यांनाही १९२५ चाच कायदा लागू झाला. त्या बाईंना जे झगडून मिळवावे लागले, ते आमच्या वसईच्या लेकींना कायद्याने आधीच दिलेले होते. आम्ही ते सहीने परत घेतो.

यावर जी उत्तरे मिळतात ती आम्हांला पाठ आहेत. लग्नात सोने दिले. मुलाच्या लग्नात दिले नाही काय? जमिनीचे तुकडे होतील. विकासक दारात आला की तुकड्यांची ही भीती कोठे जाते? सिडको १९९० साली आली त्यानंतर आमच्या किती वाड्या भावांनीच तुकडे करून विकल्या, ते ज्याने त्याने आपापल्या आळीत मोजावे. तिसरे उत्तर सर्वांत गोड: बहिणींनी राजीखुशीने सह्या केल्या, माहेर तुटू नये म्हणून. म्हणजे माहेराच्या उंबरठ्यावर आम्ही जकात बसविली आणि तिला राजीखुशी असे नाव दिले! एखादी बहीण खरोखरच मनाने वाटा सोडते, तिच्याविषयी आमचे काही म्हणणे नाही; पण तिला आधी वाटा किती ते सांगा, विचार करण्यास वेळ द्या, आणि कागद आईच्या मिस्सेच्या दिवशी पुढे करू नका.

गणनाच्या पुस्तकात सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढे उभ्या राहून बापाचे वतन मागतात. मोशे प्रकरण देवापुढे नेतो, आणि मुलींचे म्हणणे रास्त आहे असा निवाडा मिळतो. दीक्षेपूर्वी आम्ही हा अध्याय परीक्षेसाठी वाचला होता, गुणही चांगले मिळाले होते.

आजीच्या महिन्याच्या मिस्सेला वेदीवर आम्हीच होतो. दीक्षा होऊन दोन वर्षे झाली होती. तिने सर्वांना कसे बांधून ठेवले यावर आम्ही प्रवचन केले. पुष्कळांचे डोळे ओले झाले. जेवणानंतर काकांनी कागद काढला. चौघी आत्या ओळीने आल्या. थोरलीला सही येत नव्हती, तिने अंगठा दिला, बोट पदराला पुसले आणि भांडी घासावयास मागच्या दारी गेली. आम्ही ओटीवर बसून बडीशेप खात होतो.

अलीकडे तिला विचारले, आत्या, त्या दिवशी तू काहीच का बोलली नाहीस? ती म्हणाली, “बाबा, तू तिथंच बसला होतास. फादर काही बोलत नाहीत, म्हणजे देवाकडंपण असंच असंल, असं मला वाटलं.”