कर्ज सगळ्यांना सारखं, पण मुलाखतीचा फोन? डॉ. सुखदेव थोरातांचं काम आज का वाचायचं

हिवाळी अधिवेशन नागपुरात भरलं की धंतोलीतल्या यशवंत स्टेडियमजवळ रोज नवे बॅनर दिसतात. मोर्चे इथून निघतात आणि विधानभवनाच्या अलीकडे पोलीस त्यांना अडवतात. त्यात विद्यार्थ्यांचा एखादा मोर्चा असतोच, आणि मागणीही ओळखीची असते: शिष्यवृत्ती वेळेवर द्या. मग चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणतं, "इतकं ओरडायचं कशाला? सरळ एज्युकेशन लोन घ्यायचं, नोकरी लागली की फेडायचं."

मी मास कॉमची डिग्री कर्ज काढूनच केली आहे. दर महिन्याच्या ५ तारखेला हप्त्याचा मेसेज येतो. त्यामुळे वरच्या वाक्यातलं 'नोकरी लागली की' मला जरा जास्तच ऐकू येतं. ती नोकरी सगळ्यांना सारखी लागते का, हा प्रश्न विदर्भातल्याच एका अर्थतज्ज्ञाने आकडे मांडून विचारला होता. पुढे उच्च शिक्षणाचं धोरण ठरवणाऱ्या देशातल्या मोठ्या खुर्चीवरही तो बसला.

कोण आहेत सुखदेव थोरात?

जन्म १९४९ चा, अमरावती जिल्ह्यातल्या महिमापूरचा. (हो, सात मजली पायविहिरीचं रील तुम्ही पाहिलं असेल, तेच महिमापूर.) औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयातून बीए, मराठवाडा विद्यापीठातून एमए, मग काही वर्षं औरंगाबादेतच प्राध्यापकी. पीएचडी दिल्लीच्या जेएनयूमधून आणि पुढे तिथेच अर्थशास्त्राचे प्राध्यापक. २००६ ते २०११ ते यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. २००८ मध्ये पद्मश्री.

ते यूजीसीत आले तेव्हा वारं कोणत्या दिशेचं होतं, हे आधी बघायला हवं. केंद्र सरकारने १९६३ मध्ये राष्ट्रीय कर्ज शिष्यवृत्ती योजना आणली होती. तिची वसुलीच नीट होईना, म्हणून १९९१ मध्ये ती बंद पडली. १९९७ मध्ये अर्थ मंत्रालयाने अनुदानांवर एक टिपण काढलं आणि उच्च शिक्षण 'नॉन-मेरिट' गटात टाकलं. सोप्या भाषेत, याचा फायदा शिकणाऱ्यालाच होतो, तर खर्चही त्यानेच उचलावा. २००० मध्ये बिर्ला-अंबानी अहवालाने हेच उघडपणे मांडलं: फी पूर्ण घ्या, परवडत नसेल त्याला कर्ज द्या. २००१ मध्ये बँकांची मॉडेल एज्युकेशन लोन योजना आली. आपण आज जे कर्ज घेतो, ते तिचंच वाढलेलं रूप.

या सगळ्यामागचं गणित एकच आहे. डिग्री म्हणजे गुंतवणूक. डिग्रीने पगार वाढेल, वाढलेल्या पगारातून हप्ता जाईल.

आडनाव बदललं, बाकी सगळं तेच

थोरात आणि अमेरिकन समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटवेल यांनी हेच गणित एका जागी तपासलं. वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिराती घेतल्या आणि ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण आणि पात्रता सारखीच, फरक फक्त नावात. एक नाव उच्चवर्णीय हिंदू वाटणारं, एक दलित, एक मुस्लिम. २००७ मध्ये निष्कर्ष छापून आले. उच्चवर्णीय वाटणाऱ्या नावाला मुलाखतीचं बोलावणं येण्याची शक्यता १ धरली, तर दलित नावासाठी ती ०.६७ आणि मुस्लिम नावासाठी ०.३३ भरली.

हा अभ्यास भेदभावावरचा म्हणून गाजला. मला तो कर्जावरचा अभ्यासही वाटतो. ४ लाखांचं कर्ज, १० टक्के व्याज, ७ वर्षांची मुदत धरा. महिन्याचा हप्ता साधारण ६,६४० रुपये बसतो. कोर्स संपल्यावर सहसा एक वर्ष सूट मिळते, मग हप्ता सुरू. बँक आडनाव बघून व्याजदर ठरवत नाही, तिथे सगळे समान. पण ज्याला पहिला फोन उशिरा येतो, त्याच्यासाठी ते सूटीचं एक वर्ष भर्रकन संपतं आणि व्याज मात्र थांबत नाही. कागदावर सारखं असलेलं कर्ज एकाला गुंतवणूक ठरतं, दुसऱ्याला ओझं.

याचं जुनं उदाहरण तुम्हाला माहीत आहे, फक्त या नजरेने कदाचित पाहिलं नसेल. १९१३ मध्ये बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले. अट अशी की परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची, म्हणजे फेड नोकरीतून. १९१७ मध्ये ते बडोद्याला रुजूही झाले. पण शहरात राहायला जागा मिळेना, पारशी धर्मशाळेतूनही हाकललं गेलं आणि त्यांना मुंबईला परतावं लागलं. डिग्री कोलंबियाची होती, करारही मान्य होता, तरी फेडण्याची वाट जातीने अडवली. आपल्याकडे मुलं जिला 'जीओआय' म्हणतात, ती भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ मध्ये सुरू झाली, तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं आंबेडकरांकडे होतं.

खुर्चीवर बसल्यावर काय केलं?

थोरातांच्या काळातलं यूजीसी कर्जापेक्षा फेलोशिप आणि कॉलेजांकडे झुकलेलं दिसतं. एससी-एसटी संशोधकांसाठीची राजीव गांधी राष्ट्रीय फेलोशिप त्या वेळी यूजीसीमार्फत दिली जात होती. नेट नसलेल्या पण केंद्रीय विद्यापीठांत एमफिल-पीएचडी करणाऱ्यांना दरमहा ३,००० आणि ५,००० रुपये मिळू लागले. रक्कम किरकोळ, पण परत करायची नाही. २०१५ मध्ये हीच फेलोशिप बंद करायचा निर्णय झाला, तेव्हा 'ऑक्युपाय यूजीसी' आंदोलन पेटलं ते उगाच नाही.

दुसरं काम जास्त महत्त्वाचं आणि जास्त फसलेलं. कॉलेजात जाणाऱ्यांचं प्रमाण जिथे १२.४ टक्के या राष्ट्रीय सरासरीपेक्षाही कमी होतं, असे ३७४ जिल्हे शोधले गेले. प्रत्येकात एक मॉडेल कॉलेज काढायचं ठरलं. विदर्भातून गडचिरोली आणि बुलढाणा यादीत होते. विचार साधा होता: कॉलेज घराजवळ आलं तर खोलीभाडं आणि मेसचा खर्च वाचतो, म्हणजे तेवढं कर्जच लागत नाही. घोडं पैशांत अडलं. केंद्र बांधकामाच्या खर्चाचा एक तृतीयांशच देणार, तोही जास्तीत जास्त २.६७ कोटी, उरलेलं राज्यांनी बघायचं. अनेक राज्यांनी हात आखडता घेतला. २०१३ मध्ये रुसा योजना आल्यावर मॉडेल कॉलेजांचं काम तिच्याकडे गेलं. निदान बरोबर, पण तिजोरीची चावी दुसऱ्याकडे, अशी ही गोष्ट.

यूजीसीनंतरही थोरात या कामात राहिले. २०२३ मध्ये कर्नाटकने राज्य शिक्षण धोरण आयोग नेमला, त्याचे अध्यक्ष तेच होते. आयोगाच्या अंतरिम अहवालानंतर २०२४ मध्ये तिथे पदवी चारवरून पुन्हा तीन वर्षांची झाली. कर्ज घेऊन शिकणाऱ्या घरात एक वर्ष कमी म्हणजे एक वर्षाची फी कमी आणि पगार एक वर्ष आधी.

मग कर्ज वाईटच का?

तसं नाही. ऑस्ट्रेलियात १९८९ पासून वेगळी पद्धत आहे, तिच्या आराखड्यात अर्थतज्ज्ञ ब्रूस चॅपमन यांचा मोठा वाटा होता. तिथे कमाई ठरावीक रकमेच्या वर गेली तरच कापणी, तीही करातून. नोकरी नाही तर हप्ता नाही. अर्थात तिथेही महागाईप्रमाणे कर्ज फुगत गेलं आणि २०२५ मध्ये सरकारला सगळ्यांचं कर्ज २० टक्के माफ करावं लागलं. शिवाय आपल्याकडे आयकर भरणारेच मोजके, त्यामुळे ही पद्धत जशीच्या तशी उचलता येणार नाही. पण उत्पन्न बघून हप्ता ठरवायचा, एवढं तरी बोलायला हरकत नसावी.

सध्या आपल्याकडे बोललं जातं ते पीएम विद्यालक्ष्मीबद्दल. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या या योजनेत तारण नाही, जामीनदार नाही. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत आहे, ती वर्षाला १ लाख विद्यार्थ्यांसाठी. मंजुरीच्या वेळी यादीत ८६० संस्था होत्या, त्याही मुख्यतः एनआयआरएफ क्रमवारीवरून निवडलेल्या. तालुक्याच्या ठिकाणचं साधं बीएस्सीचं कॉलेज त्यात शोधू नका.

आणि शिष्यवृत्ती? अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत डिसेंबर २०२० च्या निर्णयानुसार केंद्र ६० टक्के आणि राज्य ४० टक्के देतं. केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. तो उशिरा आला, तर कॉलेजच्या खिडकीवर फी मागितली जाते त्या मुलाकडेच. पुढच्या डिसेंबरात यशवंत स्टेडियमवरून निघणाऱ्या मोर्चात तो दिसला, तर 'लोन घे ना' म्हणण्याआधी त्याला एवढंच विचारा: पैसे किती महिने थकलेत?