बाबा कुठल्या रकान्यात बसतात?

एक फॉरवर्ड तुम्हालाही नक्की आला असेल. मुलगा परदेशात, म्हातारा बंगल्यात एकटा, तो गेल्याचं दोन दिवसांनी दूधवाल्याला कळतं, आणि मुलगा व्हिडिओ कॉलवर अंत्यसंस्काराला ‘हजर’ राहतो. दर दोन-तीन महिन्यांनी तो नव्याने येतो. कधी त्यात कोथरूड असतं, कधी नाशिक, कधी डोंबिवली. गोष्ट तीच.

मागे तो आमच्या इंदुरीच्या ग्रुपवर आला. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग लागली. मग एका काकांनी लिहिलं, “आपल्या गावातही आहेत अशी लेकरं.” नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती, कारण त्या ग्रुपवर म्युनिकमधून मेसेज वाचणारा मी एकटाच आहे.

मी २८ वर्षांचा आहे. पुण्यात इंजिनिअरिंग केलं, तीन वर्षं हिंजवडीत घासली, ऑक्टोबर २०२२ मध्ये ब्लू कार्ड घेऊन जर्मनीत आलो. आई २०२१ च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत गेली. बाबा २०२३ मध्ये तळेगावच्या एका कारखान्यातून ५८ व्या वर्षी निवृत्त झाले. इंदुरीच्या घरात ते एकटे असतात. म्हणजे फॉरवर्डमधली सगळी पात्रं आमच्याकडे तयार आहेत.

त्या काकांना मी ग्रुपवर उत्तर दिलं नाही. इथे देतो, कारण तिथे एवढं कुणी वाचणार नाही.

काका, तुमच्या फॉरवर्डमध्ये एक वाक्य कायम गाळलेलं असतं. म्हाताऱ्याला मुलाकडे जाऊन राहण्याची परवानगी होती की नव्हती?

बहुतेक वेळा नसते. अमेरिकेत एचवनबीवर असलेला मुलगा बायको आणि २१ वर्षांखालची मुलं नेऊ शकतो, आईवडील नाही. ग्रीनकार्ड मिळालं तरी नाही. त्यांच्यासाठी अर्ज करायचा तर आधी तो स्वतः अमेरिकन नागरिक हवा. तोवर आईवडिलांनी पाहुणे म्हणून यायचं, साधारण सहा महिने राहायचं आणि परतायचं. ऑस्ट्रेलियात पालकांच्या स्वस्त व्हिसाची रांग तीस वर्षांच्या आसपास आहे. पासष्टीच्या माणसाला तीस वर्षांची रांग! महागडा व्हिसा आहे, त्याला माणशी चाळीस हजार ऑस्ट्रेलियन डॉलरहून जास्त लागतात.

ब्रिटनने जुलै २०१२ मध्ये नियम बदलला, तो तर मुळातून वाचण्यासारखा आहे. आईला आणायचं तर आधी तिला रोजची कामं, म्हणजे अंघोळ, कपडे, स्वयंपाक, स्वतःची स्वतः करता येत नाहीत हे सिद्ध करायचं. मग तिला लागणारी शुश्रूषा भारतात मिळत नाही किंवा परवडत नाही हे सिद्ध करायचं. आणि वर, ती आली तर सरकारी पैशाला हात न लावता मी तिचं सगळं करीन हेही. आता जोडून बघा. माझ्याकडे पैसे असतील तर अधिकारी म्हणणार, भारतातच बाई ठेव. नसतील तर म्हणणार, इथे कशाने सांभाळणार? कोडमध्ये अशी अट कुणी लिहिली, जी कधीच खरी ठरू शकत नाही, तर आम्ही रिव्ह्यूमध्ये ती परत पाठवतो. इथे तो कायदा आहे.

आता माझ्या देशाचं. म्हणजे जिथे मी राहतो त्या देशाचं.

जर्मनीने कुशल कामगारांसाठीचा कायदा सुधारला आणि त्यात चक्क आईवडिलांना आणण्याची सोय केली. बातमी वाचून मी ताईला रात्री दोनला, म्हणजे तिच्या पहाटे, फोन केला. ताई चाकणला असते. ती म्हणाली, “आधी सगळं वाच.” वाचलं. ज्या कामगाराला पहिला परवाना १ मार्च २०२४ ला किंवा त्यानंतर मिळाला, त्यालाच ही सोय. माझा ऑक्टोबर २०२२ चा.

माझ्याच टीममध्ये कोल्हापूरचा एक मित्र आहे. तो जुलै २०२४ मध्ये आला. काम तेच, कर तोच, कॅन्टीनही तेच. त्याच्या आईवडिलांसाठी दार आहे आणि माझ्या बाबांसाठी भिंत, कारण मी पावणेदोन वर्षं आधी आलो. आधी आलेल्याने आधी कर भरायला सुरुवात केली, एवढाच त्याचा गुन्हा. यामागे काही तत्त्व असेल तर ते मला कुणी सांगावं. मला तरी ही हार्डकोड केलेली तारीख दिसते.

बरं, त्या मित्राचे आईवडील आले का? नाही आले. परवान्यासाठी खर्चाची सोय दाखवावी लागते आणि त्यात आरोग्य विमा येतो. सरकारी विम्याच्या कौटुंबिक कवचात बायको-मुलं बसतात, आईवडील बसत नाहीत. पंचावन्न ओलांडलेल्या नव्या माणसाला सरकारी विम्यात शिरणं जवळपास अशक्य. उरला खासगी विमा. त्याच्या आईला मधुमेह आहे. तिच्यासाठी जो हप्ता सांगितला तो त्याच्या घरभाड्याच्या जवळ जात होता. कायद्याने दार उघडलं आणि विम्याने तेच लावून घेतलं.

जुन्या लोकांसाठी एक पळवाट आहे असं मला इथल्या वकीलबाईंनी सांगितलं. असाधारण हलाखी. वडिलांना एकट्याने जगणं अशक्य आहे आणि त्यांची काळजी जर्मनीतल्या मुलाशिवाय कुणी घेऊच शकत नाही, हे दाखवायचं. मी म्हटलं, बाबा रोज भंडारा डोंगराच्या पायथ्यापर्यंत चालतात. त्या म्हणाल्या, मग कठीण आहे.

म्हणजे बाबा पुरेसे आजारी नाहीत म्हणून येऊ शकत नाहीत. उद्या आजारी पडले तर विमा परवडणार नाही म्हणून येऊ शकणार नाहीत. धडधाकट असोत की अंथरुणाला खिळलेले, बाबा कुठल्याच रकान्यात बसत नाहीत.

इथे एक शहाणा मुद्दा येतो आणि तो मी टाळणार नाही. म्हातारी माणसं म्हणजे दवाखान्याचा खर्च. त्यांनी आयुष्यभर जिथे कर भरला नाही त्या देशाने तो का उचलावा? ठीक आहे. पण मग माझी पगाराची स्लिप बघा. जर्मनीत पेन्शनची वर्गणी पगाराच्या १८.६ टक्के आहे, निम्मी माझ्याकडून, निम्मी कंपनीकडून. हा पैसा माझ्या नावाच्या डब्यात पडून राहत नाही. आज कमावणारा देतो, आजचा म्हातारा घेतो, अशी ती व्यवस्था आहे. म्हणजे दर महिन्याला माझ्या पगारातून इथल्या कुणा आजीआजोबांची पेन्शन जाते. आनंदाने जावी. जिन्यात भेटणाऱ्या आजी मला आवडतात. पण हाच हिशेब माझ्या बाबांपाशी आला की अचानक ‘परवडत नाही’ कसा होतो? मला फुकट काही नको. वर्गणी घ्या, पण घ्या तरी.

आणि निवृत्त माणूस कुणाला नकोच आहे, असंही नाही. थायलंड पन्नाशी उलटलेल्याला बोलावतं, फक्त बँकेत ८ लाख बाट किंवा महिन्याला ६५,००० बाट उत्पन्न दाखवा. संयुक्त अरब अमिरातीत पंचावन्नच्या पुढे पाच वर्षांचा निवृत्तीचा व्हिसा आहे, दहा लाख दिरहमची मालमत्ता किंवा बचत हवी, नाहीतर दरमहा भक्कम उत्पन्न. पोर्तुगालला तिथल्या किमान वेतनाइतकं घरबसल्या उत्पन्न पुरतं.

घरबसल्या उत्पन्न! आता बाबांचं सांगतो. ते ईपीएस-९५ चे पेन्शनर. पेन्शनसाठी धरायच्या पगाराची मर्यादा २०१४ पासून १५,००० रुपये आहे, त्याआधी ६,५०० होती. तो पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले ७०, असं ते गणित. जवळपास तीन दशकं लेथवर उभं राहून बाबांना महिन्याला चार हजार रुपयांच्या आसपास मिळतात. ते नशीबवानच म्हणायचे, कारण या योजनेत किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून १,००० रुपये आहे आणि त्यासाठी माणसं अजून आंदोलनं करतात. थायलंडचे ६५,००० बाट म्हणजे दीड लाख रुपयांच्या वर. जगाला म्हातारे चालतात, फक्त ते तळेगावच्या कारखान्यातून निवृत्त झालेले नसावेत.

आता आपल्याकडे वळू, कारण शिव्या फक्त परक्यांना घालणं सोपं असतं.

२००७ मध्ये भारताने आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा केला. मुलगा सांभाळत नसेल तर प्रांताधिकाऱ्याच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे अर्ज करता येतो, निर्वाहभत्ता महिन्याला जास्तीत जास्त १०,००० रुपये. वाऱ्यावर सोडलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद. आणि हा कायदा परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाही लागू आहे, असं त्यातच लिहिलंय. कायदा चांगला आहे, मी त्याच्या विरोधात नाही. पण माझा देश मला सांगतो, बापाला सांभाळ, नाहीतर शिक्षा. मी राहतो तो देश सांगतो, इथे आणू नकोस. या दोघांची भेट कधी होत नाही का?

होते की! ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मनीने जाहीर केलं, कुशल भारतीयांचे वर्षाचे व्हिसा २०,००० वरून ९०,००० करणार. आपल्याकडे टाळ्या पडल्या. ब्रिटनशी करार आहे, १८ ते ३० वर्षांच्या पदवीधरांसाठी दरवर्षी ३,००० जागा. तिथेही टाळ्या. ९०,००० तरुण म्हणजे प्रत्येकी दोन धरले तर १,८०,००० आईवडील. त्या टाळ्यांच्या खोलीत त्यांचं काय होणार, हे विचारायला कोण होतं? परदेशातले भारतीय २०२४ मध्ये सुमारे १२९ अब्ज डॉलर घरी पाठवतील असा जागतिक बँकेचा अंदाज होता, जगात सगळ्यात जास्त. डॉलर मोजायला माणसं आहेत. मागे राहिलेले म्हातारे मोजायला कुणी नाही.

अशक्य काही मागत नाहीये. कॅनडाचा सुपर व्हिसा बघा. आईवडील एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहू शकतात, मुलाने पुरेसं उत्पन्न दाखवायचं आणि किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा काढायचा. त्यातही खोट्या आहेत, पण माणूस जवळ तर राहतो. भारत सरकारने पुढच्या प्रत्येक करारात एवढं मागावं: आईवडिलांना दीर्घ मुक्काम, आणि मुलाला वर्गणी भरून त्यांना विम्यात घेण्याची सोय. जर्मनीने १ मार्च २०२४ ही तारीख काढून टाकावी. एका ओळीचा बदल आहे.

“मग परत ये ना,” असं म्हणणारे असतात. मी येईनही. पण घरकर्जाचे हप्ते संपेपर्यंत हिंजवडीत राहिलो असतो तरी बाबा इंदुरीत एकटेच असते, आणि तेव्हा तुम्ही मला संस्कारी म्हणाला असता. बाबांना यायचंच नसेल तर, असंही विचारतात. कदाचित नसेल. इंद्रायणी, कडजाईचं देऊळ, पारावरचे मित्र सोडून त्यांनी माझ्या दोन खोल्यांत काय करायचं? पण ‘नको’ म्हणायलासुद्धा आधी कुणी ‘या’ म्हणावं लागतं. तो नकार त्यांचा हवा, कुठल्या कार्यालयाचा नको.

एक मात्र कबूल करायला हवं, आणि ते मला फॉरवर्डने नाही, कुंडमळ्याने शिकवलं. १५ जून २०२५, रविवार. इंद्रायणीवरचा लोखंडी पूल कोसळला. मी इथे दुपारचं जेवत होतो, मोबाइलवर बातमी आली. बाबा कधीकधी तिकडे जातात. फोन लावला, उचलला नाही. पुन्हा, पुन्हा. ताई चाकणहून स्कूटरवर निघाली, पावसात, कंटेनरच्या रांगेतून वाट काढत. मी काय केलं? विमानाची तिकिटं बघत बसलो. तिला बाबा गढीत, कडजाईच्या देवळात बसलेले सापडले. फोन घरी चार्जिंगला. पुलावर चार माणसं गेली होती. आमचं कुणी नव्हतं.

त्या रात्री कळलं की जर्मनी ‘नाही’ म्हणते तेव्हा ते काम कुठे नाहीसं होत नाही. ते ताईवर येऊन पडतं. बाबांच्या गोळ्या, हयातीचा दाखला, गॅसचा नंबर, दाढेचं दुखणं, सगळं ती करते, नोकरी आणि दोन मुलं सांभाळून. गावात कौतुक माझं होतं, पैसे पाठवतो म्हणून. शिव्याही मलाच पडतात, सोडून गेला म्हणून. तिचं नाव कौतुकातही नाही आणि फॉरवर्डमध्येही नाही. त्या गोष्टींमध्ये कायम मुलगाच असतो, हे कधी लक्षात आलंय तुमच्या? आणि मीही कायद्याकडे बोट दाखवून किती वेळा सुटलो, ते मला माहीत आहे.

सध्या बाबांना नव्वद दिवसांसाठी पाहुणे म्हणून आणायचं चाललंय. मी इथे २९ युरो भरून त्यांच्या खर्चाचं हमीपत्र दिलं. तीस हजार युरोचा प्रवासविमा काढला. सातबारा आणि घराची पावती जोडली, कारण ते नक्की परत जातील हे पटवावं लागतं. बायको नाही, नोकरी नाही, मुलगा जर्मनीत. असा माणूस परत का जाईल, हा प्रश्न अधिकाऱ्याला पडणारच.

अर्जासोबतच्या पत्रात मी कारण लिहिलं: मुलगी चाकणला राहते, रोज त्यांच्याकडे येते, त्यांची सगळी काळजी तीच घेते.

सही करायला कागद बाबांकडे पाठवला तेव्हा त्यांनी तो ताईला वाचायला दिला. तिने वाचला आणि मला फोनवर म्हणाली, “चला, कुठेतरी नोंद झाली माझी.”