उभ्या ट्रकची बॅटरी कोण पितो?

वाचकहो, बऱ्हाणपूर जिल्ह्यातील केळी दूरच्या बाजारपेठांत पोहोचविणाऱ्या ट्रकांवर इकडील अनेक घरांचा चरितार्थ चालतो. कापलेला घड कोणाची वाट पाहत नाही. अशा वेळी पहाटे किल्ली फिरवावी आणि सेल्फने नुसता 'टक्' असा आवाज करून मौन धरावे, म्हणजे मालकाच्या तोंडचे पाणी पळते. मग चार माणसांचा धक्का, मग शेजाऱ्याची उसनी बॅटरी आणि अखेरीस कर्ज काढून नवी. तीही महिन्याभरात बसली की विकणाऱ्यास शिव्या! वस्तुतः दोष पुष्कळदा बॅटरीचा नसून गाडी उभी असताना गुपचूप वाहणाऱ्या विजेचा असतो.

राजपुऱ्यातील एक ट्रकमालक असेच तिसरी जोडी घ्यावयास निघाले होते. "फादर, गाडी रोज चालते तोवर ठीक, चार दिवस माल मिळाला नाही की मेलीच समजा," ते म्हणाले. या एका वाक्यात निदानाचे अर्धे काम झाले होते. धावत्या गाडीची गळती अल्टरनेटर भरून काढतो; उभ्या गाडीची कोण भरणार? आम्ही त्यांना दुकानाऐवजी वायरिंगचे काम करणाऱ्या एका वयस्क मिस्त्रींकडे नेले.

मिस्त्रींनी १२ व्होल्टच्या दोन्ही बॅटऱ्या पूर्ण चार्ज करून बसविल्या, किल्ली काढली, दिवे बंद केले, दारे लावली आणि अर्धा तास विडी ओढीत बसले. (विडी दूर जाऊन, हे सांगितलेच पाहिजे, चार्ज होणाऱ्या बॅटरीतून निघणारा हायड्रोजन ठिणगीने पेट घेतो.) हा अर्धा तास आळसाचा नव्हे. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या भारत स्टेज ६ च्या गाड्यांत तर विद्युत यंत्रणा किल्ली काढल्यावरही काही काळ जागी असते. घाई केल्यास मीटर खोटी साक्ष देतो.

मग ऋण टोकाची तार सोडवून तीत त्यांनी अँपिअर मोजणारा मीटर जोडला. अशा वेळी सेल्फ मुळीच मारू नये. शेकडो अँपिअरचा तो लोंढा मीटरला सोसत नाही. काटा १.१ अँपिअरवर स्थिरावला. वाहावयास हवे होते अँपिअरचे काही शतांश! चार दिवसांचे ९६ तास धरा. शंभराहून अधिक अँपिअर-तास झाले. १२० अँपिअर-तासांच्या जोडीत मग उरले काय?

आता एकेक फ्यूज काढून काटा उतरतो का, हे पाहावयाचे. आपल्या कुंडी भंडाऱ्यात जमिनीखालचे पाणी एकेका कुंडीत डोकावून पाहावे, तसेच हे काम. सर्व फ्यूज निघाले, काटा हलेना. मालक हताश झाले. मिस्त्रींनी मात्र शांतपणे अल्टरनेटरवर तळहात ठेवला. इंजिन थंडगार, आणि हा कोमट! त्याची जाड तार त्या फ्यूजांच्या पेटीतून न जाता थेट बॅटरीकडे जाते. बॅटरी वेगळी करून ती तार सोडविली, मीटर पुन्हा जोडला, ०.०३. विजेला एकाच दिशेने जाऊ देणारा आतील डायोड उलट्या दिशेनेही गळत होता. डायोडची प्लेट बदलली आणि तिसऱ्या जोडीचे पैसे वाचले.

अर्थात शोध लवकर लागावा हे बरे. वारंवार रिकाम्या झालेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण थर बसतात, आणि मग गळती थांबवूनही ती बॅटरी पूर्वीसारखी होत नाही.

आणखी एक खोड आपल्या तरुण चालकांची. गाण्याच्या यंत्राला १२ व्होल्ट हवेत, म्हणून ते दोहोंपैकी एकाच बॅटरीवरून तार घेतात. ती एकटी उपाशी राहते, दुसरी अति चार्ज होते आणि अखेर दोन्ही जातात. २४ चे १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर बाजारात मिळतो. तो बसवून घ्यावा.