कळकाचे बेट फुलले तर

बांधावरच्या कळकाची पाने झडून साऱ्या काठ्यांना फुलोरा आला असेल, तर ते बेट आता वाचणार नाही. खतपाण्याचा खर्च करू नका. पण कुऱ्हाडही लावू नका, बी पिकू द्या. कित्येक दशकांत एकदाच ते हाती लागते.

खालच्या काटेरी फांद्या तोडून जागा झाडून ठेवा. पडलेले बी रोजच्या रोज गोळा करा, नाही तर उंदीर ठेवणार नाहीत. मिझो डोंगरात १९५९ साली बांबूच्या बियांवर उंदीर माजले, मग भातावर तुटून पडले आणि माणसांची उपासमार झाली. कळक फुलला की दुष्काळ, असे म्हातारी माणसे म्हणतात ते उगीच नव्हे.

हे बी साठवणीचे नाही, काही महिन्यांतच त्याची उगवण जाते. पावसाच्या तोंडाशीच पेरा. एक दिवस भिजवा, तरंगेल ते टाकून द्या. माती, वाळू व शेणखताच्या गादीवाफ्यावर ओळीत पेरून वर सावली करा. ८ ते १५ दिवसांत कोंब दिसतात. ते हुबेहूब गवत वाटतात (बांबू गवतच की!), म्हणून खुरपणी जाणत्या हातानेच करा. वीतभर झाली की रोपे पिशवीत भरा, आणि पुढच्या पावसाळ्यात ५-५ मीटरवर लावा.

फुललेल्या बेटाचा कंद शेजारी फुकट देऊ करील. घेऊ नका. कंदाला जुन्या बेटाचेच वय असते, नव्या जागीही तो फुलून मरतो.